देशाच्या गव्हाची पाऊणशे वर्षे

गहू शेतात पिकला म्हणजे तो देशाला मिळाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः उत्पादन आणि पुरवठा या दोन भिन्न गोष्टी होत. खळ्यावर पडणाऱ्या राशीतून शेतकऱ्याच्या घरखर्चाचा वाटा निघतो, पुढील हंगामाचे बियाणे बाजूला काढले जाते, काही भाग ओल, कीड व उंदीर यांच्यामुळे वाया जातो. आणि जे उरते ते बाजारपेठेत अथवा शासनाच्या खरेदी केंद्रावर येते. त्यात मागील वर्षाची शिल्लक मिळवावी, परदेशांतून आणलेला गहू मिळवावा, परदेशी पाठविलेला वजा करावा, म्हणजे त्या वर्षी बाजार व रेशन दुकाने यांना किती गहू उपलब्ध झाला याचा हिशेब लागतो. हा हिशेब गेल्या पाऊणशे वर्षांत कसकसा बदलत गेला, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यातील बहुतेक आकड्यांचे मूळ शेतकऱ्याच्या शेतात व त्याच्या कणगीत आहे.

आकडे काय सांगतात

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील गव्हाचे देशातील क्षेत्र, उत्पादन व दर हेक्टरी उत्पन्न पुढीलप्रमाणे होते.

१९५०–५१ : क्षेत्र ९७.५ लाख हेक्टर, उत्पादन ६४.६ लाख टन. हेक्टरी ६६३ किलो.
१९६०–६१ : क्षेत्र १२९.३ लाख हेक्टर. उत्पादन ११० लाख टन. हेक्टरी ८५१ किलो.
१९७०–७१ : क्षेत्र १८२.४ लाख हेक्टर, उत्पादन २३८.३ लाख टन. हेक्टरी १३०७ किलो.
१९८०–८१ : क्षेत्र २२२.८ लाख हेक्टर, उत्पादन ३६३.१ लाख टन. हेक्टरी १६३० किलो.
१९९०–९१ : क्षेत्र २४१.७ लाख हेक्टर, उत्पादन ५५१.४ लाख टन. हेक्टरी २२८१ किलो.
२०००–०१ : क्षेत्र २५७.३ लाख हेक्टर, उत्पादन ६९६.८ लाख टन. हेक्टरी २७०८ किलो.
२०१०–११ : क्षेत्र २९०.७ लाख हेक्टर, उत्पादन ८६८.७ लाख टन. हेक्टरी २९८९ किलो.
२०२०–२१ : क्षेत्र ३११.३ लाख हेक्टर, उत्पादन १०९५.९ लाख टन. हेक्टरी ३५२१ किलो.

२०२३–२४ च्या हंगामात उत्पादन सुमारे ११३३ लाख टनांवर गेले. १९५०–५१ च्या मानाने ही वाढ साडेसतरा पटींची आहे. या मुदतीत क्षेत्र सव्वातीन पटींनी वाढले, तर हेक्टरी उत्पन्न पाच पटींहून अधिक झाले. हेक्टरी उत्पन्न जर १९५०–५१ इतकेच, म्हणजे ६६३ किलो राहिले असते, तर २०२३–२४ एवढा गहू पिकविण्यास सुमारे १७ कोटी हेक्टर जमीन लागली असती. देशातील सर्व पिकांखालील निव्वळ क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर आहे. अर्थात एवढी जमीन देशात नव्हतीच. जी वाढ झाली ती मुख्यतः एकाच हेक्टरातून अधिक दाणा काढल्यामुळे झाली.

माणशी विचार केला तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती. त्या वेळी पिकलेला गहू माणशी वर्षाला सुमारे १८ किलो पडत असे. आज लोकसंख्या १४० कोटींच्या वर गेली असूनही उत्पादन माणशी ८० किलोंच्या जवळ आले आहे.

परावलंबनाचा काळ

फाळणीमुळे पश्चिम पंजाब व सिंध येथील कालव्यांखालील मोठा गहूप्रदेश देशाबाहेर गेला. उरलेल्या प्रदेशातील गव्हापैकी जेमतेम एकतृतीयांश क्षेत्रास पाण्याची सोय होती. बाकीचे पीक जमिनीतील ओलाव्यावर व हिवाळी पावसावर अवलंबून असे. १९५० नंतरच्या दशकात नवी जमीन लागवडीखाली आली, कालवे निघाले आणि उत्पादन वाढले. परंतु लोकसंख्या व शहरांची मागणी त्याहून वेगाने वाढत होती. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० या कायद्यान्वये करार झाला व तेथील गहू रुपयांत किंमत देऊन मिळू लागला. रेशनच्या दुकानांत आलेल्या या परदेशी गव्हाची आठवण आजही गावोगावच्या वृद्ध मंडळींना आहे.

१९६५ व १९६६ ही लागोपाठची दोन वर्षे अवर्षणाची गेली. १९६४–६५ मध्ये १२२.६ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६५–६६ मध्ये १०४ लाख टनांवर घसरले. १९६६ साली देशाला सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले, व त्यात गव्हाचा वाटा सर्वांत मोठा होता. त्या सुमारास अमेरिकेने दीर्घ मुदतीचे करार करण्याचे थांबवून थोड्याथोड्या मुदतीपुरताच गहू मंजूर करण्याचे धोरण स्वीकारले. बंदरात बोट केव्हा लागते यावर शहरांतील रेशन अवलंबून राहू लागले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये सोमवारी सायंकाळचे जेवण सोडण्याचे जनतेला केलेले आवाहन याच काळातील होय. ज्या राष्ट्राचे अन्न दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्या राष्ट्राचे धोरणही पुरते स्वतंत्र राहू शकत नाही, हा धडा त्या दोन वर्षांनी दिला.

बुटक्या जातींचे आगमन

त्या काळी प्रचलित असलेल्या देशी जाती उंच वाढत. त्यांना नत्रखत अधिक दिले तर ताट उंच व जड होऊन पीक लोळत असे आणि दाणा बारीक राही. त्यामुळे खत व पाणी यांची सोय झाली तरी उत्पन्न एका मर्यादेपुढे जात नसे. ही अडचण बुटक्या ताटाच्या जातींनी दूर केली. जपानमधील ‘नोरिन १०’ या जातीतील बुटकेपणाचा गुण अमेरिकेत व तेथून मेक्सिकोत गेला. मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी त्यापासून तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या व खतास चांगला प्रतिसाद देणाऱ्या जाती निर्माण केल्या. डॉ. बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले, आणि त्यानंतर दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातींच्या चाचण्या घेतल्या. ‘लर्मा रोहो’ व ‘सोनोरा ६४’ या जाती १९६५ मध्ये प्रसृत झाल्या. अन्न व कृषी मंत्री सी. सुब्रमण्यम् यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले गेले.

या जातींचा दाणा तांबडा असल्याने बाजारात त्यास भाव कमी मिळे. म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी मेक्सिकन वाणांतून पिवळसर तेजदार दाण्याच्या ‘कल्याणसोना’ व ‘सोनालिका’ या जाती निवडल्या. त्या थोड्याच अवधीत उत्तर भारतात सर्वत्र पसरल्या. १९६७–६८ मध्ये उत्पादन एकदम १६५ लाख टनांवर गेले. त्या वर्षी उत्तरेत गुदामे अपुरी पडली व काही ठिकाणी शाळांच्या इमारतींत गहू ठेवावा लागला.

केवळ बियाण्याने हे साधले नाही. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले व त्याच महिन्यात कृषी मूल्य आयोगही नेमला गेला. पिकाला किमान किती भाव मिळेल हे शेतकऱ्यास पेरणीपूर्वी कळू लागले आणि त्या भावाने खरेदी करणारी यंत्रणा उभी राहिली. भावाची खात्री असल्याशिवाय शेतकरी विहीर, खत व बियाणे यांवर खर्च करण्यास धजत नाही. बियाणे, पाणी, खत आणि भाव ही चारही चाके एकाच वेळी फिरली, म्हणून गाडा पुढे गेला.

साठ्याची भरती व ओहोटी

उत्पादन वाढत गेले तरी पुरवठ्याची वाट सरळ नव्हती. १९७१–७२ मध्ये २६४ लाख टन पिकलेला गहू १९७३–७४ मध्ये २१८ लाख टनांवर आला. शासनाने एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. परंतु अपेक्षेइतका माल खरेदी केंद्रांवर आला नाही व पुढील वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. माल कमी असता केवळ हुकमाने पुरवठा वाढत नाही, हे यावरून दिसून आले.

यानंतरचा मोठा चढउतार २००० नंतर आला. १९९९–२००० मध्ये ७६३.७ लाख टन इतके विक्रमी उत्पादन झाले. साठा वाढत जाऊन जुलै २००२ मध्ये केंद्रीय गुदामांत गहू व तांदूळ मिळून सुमारे ६३० लाख टन धान्य पडून होते; त्यांपैकी ४१० लाख टन गहू होता. त्यामुळे गव्हाचा प्रश्न कायमचा सुटला असे अनेकांना वाटू लागले. प्रत्यक्षात १९९९–२००० चा उच्चांक मोडण्यास तब्बल आठ वर्षे लागली. लोकसंख्या मात्र त्या काळात वाढतच होती. निर्यात झाली, साठा उपसला गेला आणि एप्रिल २००६ मध्ये केंद्रीय साठ्यात अवघा २० लाख टन गहू उरला. त्या हंगामात व्यापाऱ्यांनी अधिक भाव देऊन माल उचलला व शासनाची खरेदी ९२ लाख टनांवरच थांबली. परिणामी २००६–०७ मध्ये सुमारे ५५ लाख टन गहू परदेशांतून आणावा लागला.

त्यानंतर २००७–०८ च्या रब्बीपासून राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियान सुरू झाले, आणि २००८–०९ च्या खरेदी हंगामासाठी आधारभूत किंमत क्विंटलला १००० रुपये ठरविण्यात आली. उत्पादन पुन्हा चढू लागले व २०१३–१४ मध्ये ९५८.५ लाख टनांवर गेले. मार्च २०१५ मध्ये कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला व त्या वर्षीचे उत्पादन ८६५ लाख टनांवर आले. २०१६–१७ मध्ये पुन्हा सुमारे ५७ लाख टन आयात झाली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. एकूण उत्पादन मोठे असले तरी थोड्याशा तुटीने साठ्यावर मोठा आघात होतो. कारण घरखर्च व बियाणे यांचा वाटा कमी होत नाही, जी तूट येते ती सर्व विक्रीस येणाऱ्या मालात येते.

मार्च महिन्याची उष्णता

या गोष्टीचा ठळक प्रत्यय २०२२ मध्ये आला. २०२१–२२ च्या खरेदी हंगामात शासनाने ४३३ लाख टन गहू घेतला होता. हा आजवरचा उच्चांक आहे. पुढील पीक त्याहून सरस येईल असे वाटत होते व फेब्रुवारी २०२२ मधील अंदाज १११३ लाख टनांचा होता. परंतु मार्च महिन्यात उष्णतेची लाट आली. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींत १९०१ पासून एवढा उष्ण मार्च आढळला नव्हता. दाणा भरत असतानाच ऊन कडक झाल्याने पीक वेळेपूर्वी पिकले व दाणा आकसला. मेमध्ये अंदाज १०६४ लाख टनांवर आणावा लागला. अंतिम आकडा सुमारे १०७७ लाख टन ठरला. त्याच सुमारास युक्रेनमधील युद्धामुळे जागतिक बाजार तेजीत होता व व्यापारी आधारभूत किमतीहून अधिक भाव देत होते. शासनाची खरेदी ४३३ लाख टनांवरून एकदम १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली व काही राज्यांत रेशनवरील गव्हाऐवजी तांदूळ द्यावा लागला. १ एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय साठ्यात ७५ लाख टन गहू होता. सोळा वर्षांतील तो नीचांक होता, आणि ठरविलेल्या किमान पातळीहून फक्त थोडासा वर होता.

पुढील हंगाम चांगले गेले. २०२५ मध्ये शासनाची खरेदी सुमारे ३०० लाख टनांवर आली व उत्पादनाचा अंदाज ११७५ लाख टनांचा देण्यात आला. तथापि २०२२ चा इशारा विसरण्याजोगा नाही. गव्हाचे उत्पादन मुख्यतः उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, पंजाब, हरियाणा व राजस्थान या राज्यांत एकवटलेले आहे. एका महिन्यातील हवामानाने या सर्व प्रदेशांस एकाच वेळी झळ पोहोचू शकते. जगातील निरनिराळ्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की, हंगामातील तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यास गव्हाचे उत्पादन साधारणपणे सहा टक्क्यांनी घटते.

यापुढे क्षेत्र वाढवून तूट भरून काढण्यास वाव थोडा आहे. देशातील ९० टक्क्यांहून अधिक गहू आज ओलिताखाली आहे. पंजाबात दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी उपसले जाते. सबब तेथून अधिकाची अपेक्षा करणे योग्य होणार नाही. अधिक गहू यावयाचा तो हेक्टरी उत्पन्नातून, वेळ साधण्यातून व नासाडी टाळण्यातून यावयाचा आहे.

तांबेऱ्याचे भय

उष्णतेप्रमाणेच तांबेरा हा गव्हाचा जुना शत्रू होय. १९४६–४७ मध्ये मध्य भारत व दख्खन या भागांत काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ येऊन अपरिमित नुकसान झाले. डॉ. के. सी. मेहता यांनी आपल्या संशोधनाने असे दाखवून दिले की, मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. ते निलगिरी, पळणी व हिमालय यांसारख्या थंड डोंगराळ भागांत टिकतात व तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. महाराष्ट्रात महाबळेश्वर येथे याच रोगावर संशोधन करणारे केंद्र आहे.

कोणत्याही जातीची प्रतिकारशक्ती कायम टिकत नाही. बुरशीचे नवे प्रकार निर्माण होतात व एके काळची भक्कम जात रोगास बळी पडते. उत्तर भारतात ‘पीबीडब्ल्यू ३४३’ ही एकच जात फार मोठ्या क्षेत्रावर पसरली होती. ती पिवळ्या तांबेऱ्यास बळी पडू लागल्यावर तिच्या जागी नव्या जाती आणाव्या लागल्या. म्हणून एका गावात सर्वांनी एकच जात पेरणे व तेच घरचे बियाणे वर्षानुवर्षे वापरणे हे दोन्ही धोक्याचे आहे.

महाराष्ट्राची स्थिती

महाराष्ट्र हे गव्हाचे प्रमुख राज्य नव्हे. येथे साधारणतः १० ते १२ लाख हेक्टरांवर गहू होतो व हेक्टरी उत्पन्न दोन टनांच्या आतबाहेर राहते. देशाची सरासरी साडेतीन टन आहे. याचे मुख्य कारण येथील हिवाळा आखूड व सौम्य आहे. उत्तरेत जे पीक साडेचार ते पाच महिने शेतात उभे राहते, ते येथे साडेतीन ते चार महिन्यांत तयार होते. दाणा भरण्याच्या वेळी २५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असावे. येथे फेब्रुवारी संपण्यापूर्वीच पारा त्याच्या पुढे जाऊ लागतो. उत्तरेस २०२२ साली जो फटका बसला, तो महाराष्ट्रातील उशिरा पेरलेल्या गव्हास दरवर्षीच कमीअधिक प्रमाणात बसतो.

म्हणूनच येथील गव्हाचा सर्व भर पेरणीच्या वेळेवर आहे. जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात व बागायत गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, अशी शिफारस आहे. त्यानंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते. समजा, राज्यातील केवळ ३ लाख हेक्टरांवरील पेरणी एका पंधरवड्याने अलीकडे आणता आली, तर साडेसात लाख क्विंटल, म्हणजे ७५,००० टन गहू अधिक मिळेल. महिन्याला माणशी ५ किलो या हिशेबाने एवढा गहू साडेबारा लाख माणसांना वर्षभर पुरतो. त्यासाठी नवी विहीर नको की नवी जमीन नको.

विलंबाची कारणे शेतकरी बंधूंस ठाऊकच आहेत. सोयाबीन किंवा कापूस उशिरा निघतो, परतीचा पाऊस लांबतो, मशागतीस अवजारे मिळत नाहीत, बियाणे व खत ऐन वेळी शोधावे लागते. यांपैकी पाऊस कोणाच्या हाती नाही. परंतु खरिपात लवकर तयार होणारी जात निवडणे, बियाणे दसऱ्यापूर्वीच घरी आणून ठेवणे आणि गावात मशागतीच्या अवजारांची पाळी लावणे या गोष्टी हातातल्या आहेत.

जातींच्या बाबतीत महाराष्ट्राची बाजू दुबळी नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथील कृषी संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’, ‘नेत्रावती’ व ‘फुले समाधान’ या जाती दिल्या आहेत. ‘नेत्रावती’ ही थोड्या पाण्यावर येणारी, तर ‘फुले समाधान’ ही वेळेवर व उशिरा अशा दोन्ही पेरण्यांस चालणारी आहे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस ६२२२’ व ‘एमएसीएस ६४७८’ यांसारख्या जाती प्रसृत केल्या आहेत. बन्सी व खपली हे येथील जुने गहूही शेवया, रवा व खिरीसाठी आजही मागणी टिकवून आहेत.

पाणी केव्हा द्यावे

वेळेच्या खालोखाल महत्त्व पाण्याचे आहे. पाणी किती दिले यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत दिले, यावर दाण्याचे वजन ठरते. मुकुटमुळे फुटण्याची अवस्था पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी येते. या वेळी ताण पडल्यास फुटवे कमी होतात व पुढे कितीही पाणी दिले तरी ती हानी भरून निघत नाही. कांडी धरण्याची अवस्था ४० ते ४५ दिवसांनी, फुलोरा व दाण्यात चीक भरण्याची अवस्था ६५ ते ७० दिवसांनी आणि दाणे भरण्याची अवस्था ८० ते ८५ दिवसांनी येते. विहिरीस पाणी थोडे असल्यास पुढील क्रम ठेवावा.

एकच पाणी शक्य असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे.
दोन पाणी शक्य असतील तर पहिले २० ते २२ व दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे.
तीन पाणी शक्य असतील तर २० ते २२, ४० ते ४२ व ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत.

बुटक्या जातींचे बी खोल पडल्यास उगवण कमी होते. यास्तव ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. वेळेवरच्या पेरणीस हेक्टरी १०० ते १२५ किलो बियाणे पुरते. उशिराच्या पेरणीस फुटवे कमी येत असल्याने १२५ ते १५० किलो वापरावे.

कणगीतील गहू

देशभर हेक्टरी १०० किलो बियाणे धरले तरी दरवर्षी ३० लाख टनांहून अधिक गहू केवळ पेरणीसाठी बाजूला ठेवावा लागतो. हे बियाणे निकृष्ट असेल तर तेवढा गहू मातीत गेलाच, शिवाय पुढील पीकही हातचे गेले. घरचे बियाणे वापरावयाचे असल्यास शेतातील निरोगी व एकजात भागाची कापणी वेगळी करावी, ते चाळून घ्यावे, पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी, आणि तीन वर्षांनी तरी बियाणे बदलावे.

खाण्यासाठी ठेवावयाच्या गव्हात ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा. दाणा दाताखाली कडक मोडला पाहिजे. गहू कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच कोठीत भरावा. गरम दाणा भरल्यास आत ओल धरते व सोंडे लवकर लागतात. कोठी जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावी, जुना दाणा नव्यात मिसळू नये व दर पंधरा दिवसांनी पाहणी करावी. आठ क्विंटल गहू ठेवणाऱ्या घरात शेकडा पाच नासाडी झाली तर ४० किलो गहू गेला. पाच क्विंटल उत्पन्न वाढविण्यास जे कष्ट पडतात, त्या मानाने ४० किलो वाचविण्याचे कष्ट काहीच नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्य

शासनाने भाव जाहीर करावा, संशोधकांनी जाती द्याव्यात व गुदामे बांधली जावीत, ही कामे आपापल्या ठिकाणी होत आहेत. २०२६–२७ च्या खरेदी हंगामासाठी आधारभूत किंमत क्विंटलला २५८५ रुपये जाहीर झाली. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिफण चालते की नाही, हे गावातच ठरते. म्हणून गहू पिकविणाऱ्या प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

सप्टेंबर महिन्यातच गहू पेरणाऱ्या खातेदारांची यादी करून प्रत्येकाचे क्षेत्र, पाण्याची सोय व मागील वर्षाची पेरणीची तारीख लिहून घ्यावी. बियाणे व खत यांची मागणी एकत्र करून ती दसऱ्यापूर्वी गावात पोहोचेल असे पाहावे. गावात किमान दोन किंवा तीन निरनिराळ्या जाती पेरल्या जातील अशी व्यवस्था करावी. एका शेतात वेळेवरची व पंधरा दिवस उशिराची अशी दोन वाफ्यांची पेरणी करून मळणीच्या वेळी दोन्हींचे वजन सर्वांसमक्ष करावे. अडीच क्विंटलांचा फरक कागदावर सांगण्यापेक्षा तराजूवर दाखविला तर तो पटतो. जानेवारीत शिवारफेरी काढून तांबेऱ्याचे ठिपके दिसतात का, हे पाहावे व आढळल्यास तालुक्यास त्वरित कळवावे.

पाऊणशे वर्षांपूर्वी माणशी १८ किलो गहू पिकविणारा देश आज ८० किलोंच्या जवळ आला, हे लक्षावधी शेतकऱ्यांच्या श्रमांचे फळ आहे. २००२ मधील भरलेली गुदामे २००६ मध्ये रिकामी होण्यास अवघी चार वर्षे लागली, आणि २०२१ मधील विक्रमी खरेदीनंतर एकाच वर्षाने निर्यात बंद करावी लागली. यास्तव येत्या रब्बीत गहू पेरणाऱ्या शेतकरी बंधूंनी बियाण्याची चौकशी आजच करावी, आणि कार्यकर्त्यांनी आपल्या गावाची यादी हाती घ्यावी.